गोळीपासून पॅचपर्यंत : शंभर वर्षांच्या इतिहासाने शिकवलेली गोष्ट

गर्भनिरोधक पॅच म्हणजे त्वचेवर चिकटवायची छोटी पट्टी. तिच्यातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स त्वचेवाटे रक्तात जातात आणि दर महिन्याला बीजांडकोशातून बीज बाहेर पडणं थांबतं. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात पॅच नाही. तरी मोबाईलवर वाचून किंवा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून ऐकून त्याची चौकशी करणाऱ्या महिला आता परळीतही भेटतात. बहुतेकींचं म्हणणं एकच असतं : "डॉक्टर, गोळी पोटात जाते म्हणून त्रास होतो. पट्टी तर वरून लावायची, तिचा काय अपाय होणार?"

या प्रश्नाचं उत्तर नीट समजायचं तर थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात मुंबईत

१९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचा दवाखाना उघडला. त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी हे काम सुरू केलं. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यात वाचक लैंगिक आरोग्याविषयीच्या शंका पत्राने विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र चालूच राहिलं.

बाबासाहेबांनी हा विषय तिथेच सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून पी. जे. रोहम यांनी तो मांडला. ठराव नामंजूर झाला.

वर्ध्याची भेट आणि गोळीचा जन्म

डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींचा भर संयमावर होता, सँगरबाईंचं म्हणणं होतं की बाईच्या हातात साधन हवं. दोघांचं पटलं नाही. पुढे याच सँगरबाईंच्या आग्रहाने आणि कॅथरिन मॅकॉर्मिक यांच्या पैशाने ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाने गर्भनिरोधक गोळीवर काम सुरू केलं.

१९५६ मध्ये प्वेर्तो रिको बेटावर गोळीची मोठी चाचणी झाली. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवलं, की गोळी गर्भ रोखते, पण सुमारे १७ टक्के महिलांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असा त्रास होतो आणि हे प्रमाण फार आहे. त्या तक्रारी फारशा मनावर घेतल्या गेल्या नाहीत. १९६० मध्ये अमेरिकेत 'एनोव्हिड' गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली. तिच्यात इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. आज नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते साधारण २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतं.

१९६१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या एका नर्सची हकिगत छापून आली. गोळी घेत असताना तिच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. पुढच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन आणि गुठळीचा संबंध पक्का झाला. १९७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर गोळीच्या सुरक्षिततेची सुनावणी झाली, तेव्हा महिलांनी तिथेच उभं राहून विचारलं की गोळी घेतलेल्या एकाही बाईला इथे साक्षीला का बोलावलं नाही? त्यानंतर गोळीच्या पाकिटात धोक्याची माहिती देणारा कागद घालणं सक्तीचं झालं. इस्ट्रोजेनचं प्रमाणही कमी होत गेलं.

पॅचची गोष्ट

अमेरिकेत पहिल्या गर्भनिरोधक पॅचला २००१ मध्ये मान्यता मिळाली. रोज आठवण ठेवायची गरज नाही, म्हणून तो लोकप्रिय झाला. २००५ मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने इशारा दिला : ३५ मायक्रोग्रॅमच्या गोळीपेक्षा या पॅचमधून शरीराला एकूण सुमारे ६० टक्के जास्त इस्ट्रोजेन मिळतं. गोळीचं हार्मोन रक्तात चढतं आणि उतरतं, पॅचमधून मात्र ते आठवडाभर सतत झिरपत राहतं. गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष वेगवेगळे आले. पण 'वरून लावायचं म्हणजे निर्धोक' हा समज चुकीचा ठरला. हार्मोन कोणत्याही वाटेने रक्तात गेलं, तरी यकृतापर्यंत पोचतंच आणि रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करतंच.

म्हणून घाबरायचं का? नाही. हार्मोन न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० महिलांत वर्षाला १ ते ५ जणींना अशी गुठळी होते, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात हा आकडा ५ ते २० असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्याहूनही बराच जास्त. म्हणजे धोका थोडा आहे, पण तो सगळ्यांना सारखा नाही. कोणाला जास्त आहे, हे आधी विचारूनच कळतं.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा

वय ३५ च्या पुढे आणि धूम्रपान, रक्तदाब, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी, हृदयविकार किंवा पक्षाघात, डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी, स्तनाचा कॅन्सर, यकृताचा आजार. यांपैकी काही असेल तर पॅच बहुधा तुमच्यासाठी नाही. मिश्री-तंबाखूची सवय असेल तर तीही लपवू नका. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने दुसरं साधन बरं. वजन ९० किलोपेक्षा जास्त असेल तर पॅचचा परिणाम कमी होऊ शकतो. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं यांनीही तो कमी होतो. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सांगा.

वापरताना

दर आठवड्याला ठरलेल्या वारी नवा पॅच, असे तीन आठवडे. चौथा आठवडा पॅचविना, त्यात पाळी येते. पोट, कुल्ला, दंडाची बाहेरची बाजू किंवा पाठीचा वरचा भाग चालतो, स्तनावर लावू नये. त्वचा कोरडी हवी, तेल-पावडर नको. पॅच कापू नका आणि त्यावर गरम पिशवी ठेवू नका. घामाने तो सुटला आणि एका दिवसापेक्षा जास्त वेळ निघालेला राहिला, तर नव्या पॅचने नवं चक्र सुरू करा आणि सात दिवस कंडोम वापरा. जुना पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

एका पायाच्या पोटरीत दुखणं-सूज, अचानक धाप, छातीत दुखणं, कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, दिसण्यात किंवा बोलण्यात फरक : यांपैकी काहीही झालं तर पॅच काढा आणि लगेच दवाखाना गाठा. उद्यावर ढकलू नका.

आपल्या जिल्ह्यासाठी

२०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या बातम्यांनी बीड जिल्हा देशभर गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. कमी वयात पिशवी काढून बसलेल्या कितीतरी जणींना दुसरे उपाय कोणी सांगितलेच नव्हते. कारखान्यावर जाणाऱ्या बाईला दर आठवड्याचा पॅच सोयीचा नसेल. तिच्यासाठी सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन, हार्मोन नसलेली 'छाया' गोळी आणि कॉपर टी मोफत आहेत. यांतलं काय घ्यायचं हे ठरवायचा हक्क तिचा, आणि ठरवण्यापुरती पूर्ण माहिती देणं आमचं काम.

कर्व्यांना लोक पत्र लिहून विचारत. आज दवाखाना जवळ आहे. पॅच, गोळी, इंजेक्शन, काहीही सुरू करण्याआधी विचारा. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा.