निवृत्तिवेतन कोणाचे?

युद्धाचा इतिहास लिहिणारे मोहिमांचा हिशेब ठेवतात, सेनापतींची चरित्रे लिहितात, तहांची कलमे छापतात. सैनिकाच्या मागे राहिलेल्या संसाराचे काय झाले, ही हकीकत मात्र बहुधा न्यायालयांच्या दप्तरांत पडून राहते. आज आम्ही अमेरिकेतील असे एक दप्तर उघडणार आहोत. लष्करातल्या माणसाचा संसार मोडला म्हणजे कोणाच्या पदरी काय पडावे, या प्रश्नावर त्या देशात कायदेमंडळ आणि न्यायालये यांच्यात दीर्घकाळ ओढाताण चालली. आणि ती उघड्यावर चालल्यामुळे तिचा माग नीट घेता येतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेत ‘लष्करी घटस्फोट’ असा काही वेगळा घटस्फोट नाही. विवाह आणि घटस्फोट हे विषय तेथे घटक राज्यांचे आहेत. सैनिकाचा पगार आणि निवृत्तिवेतन हा विषय केंद्र सरकारचा. म्हणजे नाते तोडावयाचे एका सरकारने आणि पैसा मोजावयाचा दुसऱ्याने. पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ या दुहेरी कारभारात आहे.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि लाखो तरुण समुद्रापार जाऊ लागले. मागे त्यांच्यावर दावा लागला तर उत्तर कोणी द्यावे? मार्च १९१८ मध्ये काँग्रेसने सैनिक व खलाशी यांना दिवाणी कामांत संरक्षण देणारा कायदा केला. त्याचा मसुदा करणारे जॉन हेन्री विग्मोर हे पुराव्याच्या कायद्यावरचे नामांकित पंडित. त्या वेळी ते स्वतः लष्करी गणवेशात होते. कायद्याचे मर्म साधे होते. प्रतिवादी हजर नाही एवढ्यावरून त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल द्यावयाचा नाही. तो सैन्यात आहे की नाही, हे वादीने शपथेवर सांगितले पाहिजे. असेल, तर त्याच्या वतीने वकील नेमल्याशिवाय निकाल होणार नाही. आणि नोकरीमुळे त्याला बचाव करता येत नसेल, तर काम तहकूब करता येईल. १९४० साली हाच कायदा नव्याने करण्यात आला आणि २००३ साली त्याला आजचे रूप मिळाले. आता सैनिकाने वरिष्ठांच्या पत्रासह रीतसर अर्ज केला तर निदान ९० दिवसांची तहकुबी द्यावीच लागते. आपल्याकडेही १९२५ साली हिंदी सैनिकांच्या दाव्यांसंबंधी याच धर्तीचा कायदा झाला होता, हे येथे सांगितले पाहिजे.

परंतु तहकुबी म्हणजे सुटका नव्हे. १९४३ साली एका कॅप्टनकडे त्याच्या मुलीसाठी ठेवलेल्या पैशाचा हिशेब मागण्यात आला, तेव्हा त्याने लष्करी नोकरीचे कारण पुढे केले. तो रणांगणावर नव्हता. वॉशिंग्टनमध्ये कचेरीत होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले नाही. कायद्याने सैनिकाच्या हाती ढाल दिली होती. तिच्या आडून त्याने आपली जबाबदारी चुकवावी, असा तिचा हेतू नव्हता.

गैरहजर सैनिकाची अशी सोय झाली. त्याच्या बायकोची? १९४२ साली खालच्या श्रेणींतील सैनिकांच्या कुटुंबांसाठी भत्त्याचा कायदा झाला. बायकोला दरमहा ५० डॉलर मिळत. त्यांतील २२ डॉलर सैनिकाच्या पगारातून कापलेले आणि २८ डॉलर सरकारने घातलेले. घटस्फोटित बायकोलाही या कायद्यात जागा होती. म्हणजे संसाराचा भार काही अंशी आपल्या शिरावर आहे, हे सरकारने युद्धाच्या धामधुमीत कबूल केले. युद्ध संपले आणि घाईत बांधलेल्या कित्येक गाठी तितक्याच घाईने सुटू लागल्या. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत सुमारे ६ लाख १० हजार घटस्फोट झाले. तोवर त्या देशाने असा आकडा पाहिला नव्हता.

ते तरुण लोकांचे घटस्फोट होते. वाटून घेण्याजोगे त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते. खरा पेच पुढे उभा राहिला, तो पंधरा-वीस वर्षे लष्करात काढलेल्या जोडप्यांचा. अमेरिकन सैन्यात २० वर्षे भरली की निवृत्तिवेतन मिळे, आणि जुन्या पद्धतीत ते मूळ पगाराच्या निम्म्याच्या घरात जाई. एकोणीस वर्षांनी नोकरी सोडणाऱ्याला सहसा काहीच नाही. या वीस वर्षांत बिऱ्हाड दर दोन-तीन वर्षांनी हलावयाचे. आज जर्मनीत, उद्या टेक्सासमध्ये. नवऱ्याची बढती होत जाई, बायकोला मात्र कोठेही नोकरी धरून राहता येत नसे. घर नाही, साठवण नाही, स्वतःचे निवृत्तिवेतन नाही. त्या संसाराची सारी शिल्लक म्हणजे नवऱ्याचे निवृत्तिवेतन! मग ते एकट्या नवऱ्याचे की दोघांचे?

कॅलिफोर्नियाचे उत्तर होते, दोघांचे. त्या राज्याने स्पेनच्या अमलापासून चालत आलेली रीत टिकवून धरली होती: विवाहाच्या काळात जे मिळवले ते नवराबायकोचे समाईक. या न्यायाने तेथील न्यायालये लष्करी निवृत्तिवेतनाचीही वाटणी करीत. परंतु २६ जून १९८१ रोजी मॅकार्टी या लष्करी डॉक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही वाटणी रद्द ठरविली. निवृत्तिवेतन केंद्राने सैनिकाला दिलेले आहे. राज्याने ते वाटले तर सैन्यात माणसे आणण्याच्या व टिकविण्याच्या केंद्राच्या धोरणाला बाध येतो, असे बहुमताचे म्हणणे पडले. तथापि निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी मागे राहणाऱ्या जोडीदाराची अवस्था बिकट होऊ शकते हे मान्य केले आणि उपाय करणे काँग्रेसच्या हाती आहे असेही नमूद केले.

काँग्रेसने फार वेळ लावला नाही. कोलोरॅडोच्या प्रतिनिधी पॅट्रिशिया श्रोडर यांनी हा प्रश्न नेटाने लावून धरला होता. सप्टेंबर १९८२ मध्ये पूर्वपती व पूर्वपत्नी यांना संरक्षण देणारा कायदा संमत झाला आणि फेब्रुवारी १९८३ पासून अमलात आला. या कायद्याविषयी खुद्द अमेरिकेत पुष्कळ गैरसमज आहेत. त्याने बायकोला निम्मा वाटा दिला नाही. कोणताच वाटा दिला नाही. त्याने राज्यांच्या न्यायालयांना वाटणी करण्याची मुभा दिली, एवढेच. दहा वर्षांच्या अटीचा बोलबालाही असाच. विवाहाची दहा वर्षे आणि नोकरीची दहा वर्षे एकमेकांवर पडत असतील, तर बायकोचा वाटा सरकारी खजिना थेट तिला धाडतो. दहा वर्षे भरली नाहीत म्हणून हक्क जात नाही. मात्र दरमहा हात पसरावा लागतो तो माजी नवऱ्यापुढे. दवाखान्याची पूर्ण सवलत टिकण्यासाठी अट आणखी कडक आहे: विवाह वीस वर्षांचा, नोकरी वीस वर्षांची, आणि दोन्हींची वीस वर्षे सामाईक. शिवाय सैनिक मेला की निवृत्तिवेतन थांबते आणि वाटाही थांबतो. त्यासाठी १९७२ च्या वारसवेतन योजनेत माजी पत्नीचे नाव मुदतीत नोंदवावे लागते. ज्यांनी ते केले नाही त्यांना त्या चुकीची किंमत वैधव्यासारख्या अवस्थेत, आणि तेही विधवा न म्हणवता, मोजावी लागते.

एवढ्यावर हा प्रश्न मिटला असता, पण एक दार उघडे राहिले. नोकरीत इजा झालेल्या सैनिकाला अपंगत्वाचे करमुक्त वेतन मिळू शकते. मात्र ते घेण्यासाठी बहुतेकांना तितक्याच रकमेचे निवृत्तिवेतन सोडावे लागे. सोडलेली रक्कम वाटता येत नाही, असे १९८९ साली मॅन्सेल खटल्यात ठरले. पुढे हॉवेल यांचे प्रकरण आले. १९९१ च्या घटस्फोटात बायकोला हवाई दलाच्या निवृत्तिवेतनाचा निम्मा वाटा मिळाला होता. सुमारे चौदा वर्षांनी नवऱ्याने अपंगत्वाच्या वेतनासाठी सुमारे १५०० डॉलरांपैकी २५० सोडले. बायकोचे दरमहा १२५ डॉलर गेले. राज्याच्या न्यायालयाने ते भरून द्यावयास सांगितले. १५ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो हुकूम रद्द केला. त्याच सुमारास, डिसेंबर २०१६ च्या कायद्याने असेही ठरले होते की वाटणी धरताना घटस्फोटाच्या दिवशीचा हुद्दा व सेवाकाल पाहावा, महागाईची वाढ तेवढी द्यावी. पुढच्या बढत्या सैनिकाच्या.

या शेवटच्या नियमात न्याय नाही असे आम्ही म्हणणार नाही. नंतरच्या श्रमांवर माजी जोडीदाराचा हक्क कसा पोहोचेल? जखमेचे मोल ज्याला जखम झाली त्याचे, हेही पटण्याजोगे आहे. प्रश्न निराळाच आहे. बायकोला वाटा मिळाला तो वीस वर्षांच्या संसाराबद्दल. तो संसार तर मागे जाऊन बदलता येत नाही. मग न्यायालयाने एकदा ठरविलेला वाटा दुसऱ्या पक्षाच्या एका अर्जाने उणा का व्हावा?

आपल्या देशात १९५० च्या लष्कर कायद्याने सैनिकाच्या पगारातून बायकामुलांच्या पोषणासाठी रक्कम कापता येते, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पोटगी मागता येते. परंतु पोटगी मागावी लागते गरज दाखवून. वाटा मागता येतो आपले म्हणून. नवऱ्याच्या कमाईत असा वाटा त्या कायद्याने दिलेला नाही. अमेरिकेचा कायदा अपुरा आहे, गुंतागुंतीचा आहे. तरी बिऱ्हाड बांधणे आणि मोडणे हेही सेवेतच धरले पाहिजे, एवढे त्याने मान्य केले. १९१८ साली कायद्याने गैरहजर सैनिकाची बाजू ऐकून घेण्याची व्यवस्था केली. घरी राहिलेलीची बाजू ऐकावयास त्याला आणखी चौसष्ट वर्षे लागली, आणि ती अजून पुरती ऐकून झालेली नाही.