घरातील इग्वाना आणि मुडदूस : एका विस्मृत ज्ञानाचा इतिहास

मध्य व दक्षिण अमेरिकेतील वृक्षवासी हरित इग्वानाचे शास्त्रीय वर्णन लिनिअसने १७५८ मध्ये केले. मूळ प्रदेशात हा प्राणी खाद्य म्हणून परिचित होता. पाळीव प्राणी म्हणून त्याचा व्यापक प्रसार ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटना होय. १९७७ मध्ये साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या जातीचा समावेश झाला. व्यापार नियंत्रित झाला, थांबला नाही. १९९० च्या दशकात एल साल्वादोर व कोलंबियातील पैदास केंद्रांतून लाखो पिले निर्यात झाली. योग्य निगा राखल्यास पंधरा वर्षांहून अधिक जगणाऱ्या या प्राण्याची असंख्य पिले मात्र अल्पावधीतच दगावली.

यामागे प्रथम आहारविषयक गैरसमज होता. सरडा म्हणजे कीटकभक्षी, या समजुतीने त्याला किडे, प्रसंगी मांजराचे तयार खाद्यही दिले जाई. (मराठी वाचकास येथे घोरपड आठवेल, पण घोरपड मांसाहारी, तर इग्वाना पर्णभक्षी.) वस्तुतः त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव पाने आंबवून पचवितात आणि पिले ते प्रौढांच्या विष्ठेतून मिळवितात, हे कॅथरीन ट्रॉयर यांनी १९८२ मध्येच दाखविले होते. प्राणिज प्रथिनांच्या अतिरेकाचा भार अखेर मूत्रपिंडांवर पडे.

दुसरी उणीव प्रकाशाची. तिने उद्भवणारा चयापचयजन्य अस्थिविकार हा वस्तुतः मुडदूसाचाच सोयरा. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, हाडे सहज मोडतात. मांड्या सुजतात आणि मालकास मात्र प्राणी बाळसे धरतो आहे असे वाटते! त्वचेवर अतिनील-ब किरण पडल्याशिवाय ड-३ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही व त्याविना आहारातील कॅल्शियम अंगी लागत नाही. यातील मर्मभेदक बाब अशी की, बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्येच पारदवाफेच्या दिव्याने मुडदूसग्रस्त बालके बरी केली होती. तरीही सात दशकांनंतर त्याच अभावापोटी घराघरांत इग्वाने पंगू होत होती. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे ज्ञानाची वाण नव्हती. वैद्यकातील ज्ञान प्राणिविक्रेत्याच्या दुकानापर्यंत पोहोचविण्याची गरज कोणास वाटली नाही.

भारतात २०२२ च्या वन्यजीव संरक्षण सुधारणा कायद्यानंतर व २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी आवश्यक ठरली आहे. निगेचे निकषही आता स्पष्ट आहेत : कॅल्शियमयुक्त हिरवी पाने, पालकासारख्या ऑक्झलेटयुक्त भाज्यांचा संयम, शेकण्यासाठी सुमारे ३५ अंश सेल्सिअसची जागा आणि अतिनील-ब किरणांचा दिवा. हा दिवा दिसायला पेटत राहतो, पण त्यातील उपयुक्त किरण कालांतराने क्षीण होतात. म्हणून तो वेळीच बदलावा लागतो. आपल्याकडील भरपूर उन्हावर विसंबून पिंजरा बंद खिडकीशी ठेवणेही व्यर्थ, कारण काचेतून ऊब व उजेड आत येतात, अतिनील-ब किरण जवळजवळ नाहीतच.