सूक्ष्मजंतु-समुदाय : अभ्यासाचा इतिहास

निसर्गात सूक्ष्मजंतू एकेकटे क्वचितच आढळतात. मातीचा कण, तळ्याच्या तळाचा गाळ, दातांवर साचणारे किटण, रवंथ करणाऱ्या जनावराचे जठर अशा ठिकाणी अनेक जातींचे जंतू एकत्र राहतात. त्यांपैकी एकाने टाकलेले द्रव्य दुसऱ्याचे अन्न, तर तिसऱ्याचे विष ठरते. अशा एकत्र राहणाऱ्या जातींच्या समूहास सूक्ष्मजंतु-समुदाय म्हणतात. त्यातील परस्परसंबंधांचा अभ्यास सूक्ष्मजीवविज्ञानात उशिरा स्थिरावला. या विलंबाचे एक प्रमुख कारण त्या विज्ञानाला यश मिळवून देणाऱ्या पद्धतीतच होते.

शुद्ध संवर्धाचे युग : आंतॉन व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांनी १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात दातांवरील किटणात दिसलेल्या जंतूंचे वर्णन केले. ते मिश्र समुदायाचेच होते. तथापि मिश्रणातील कोणता जंतू कोणते कार्य करतो, हे ठरविण्याचे साधन त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे उपलब्ध नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख (१८४३–१९१०) यांनी १८८१ मध्ये घन माध्यमाची पद्धत प्रसिद्ध केली. या माध्यमावर एकेका जंतूपासून वेगळी वसाहत तयार होते व तीपासून शुद्ध संवर्ध (एकाच जातीच्या जंतूंची कृत्रिम माध्यमात केलेली वाढ) मिळतो. याच मार्गाने कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू ओळखला. रोगजंतूंच्या अभ्यासात शुद्ध संवर्ध ही पुराव्याची कसोटी ठरली आणि मिश्र संवर्ध हा प्रयोगातील दोष मानला जाऊ लागला.

परस्परसंबंधांची पहिली चाहूल मात्र त्याआधीच लागली होती. लूई पाश्चर व झ्यूल झूबेर यांनी १८७७ मध्ये असे नोंदविले की, निर्जंतुक मूत्रात सांसर्गिक काळपुळीचे जंतू जोमाने वाढतात; परंतु त्यात इतर सामान्य जंतू शिरल्यास ही वाढ खुंटते. या विरोधाचा पद्धतशीर शोध पुढे मृदेतील जंतूंमध्ये घेतला गेला. सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ मध्ये ॲल्बर्ट शॅट्स यांनी स्ट्रेप्टोमायसीन हे प्रतिजैव द्रव्य मिळविले, ते या शोधाचेच फळ होय.

मृदाविज्ञानातील वेगळी वाट : रशियन शास्त्रज्ञ सर्ग्येई विनोग्राड्स्की (१८५६–१९५३) यांनी जंतूंकडे निसर्गचक्रातील घटक म्हणून पाहिले. मृदेतील नायट्रीकरण दोन टप्प्यांत होते, असे त्यांनी १८९०–९१ च्या सुमारास दाखवून दिले. एक गट अमोनियाचे नायट्राइट बनवितो व दुसरा त्या नायट्राइटावर जगून नायट्रेट तयार करतो. गाळ व पाणी भरलेल्या काचेच्या उभ्या पात्रात प्रकाश व ऑक्सिजन यांच्या प्रमाणानुसार जंतूंचे रंगीत थर तयार होतात. हे पात्र ‘विनोग्राड्स्की स्तंभ’ या नावाने अद्यापही शिकविण्यासाठी वापरले जाते. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथे मार्टिनस बायेरिंक (१८५१–१९३१) यांनी माध्यमाची घटना बदलून विशिष्ट कार्य करणाऱ्या जंतूंनाच वाढू देणारी समृद्धीकरण पद्धत विकसित केली.

एका ‘जाती’ची कथा : शुद्ध संवर्धाच्या मर्यादा मिथेननिर्मितीच्या अभ्यासात विशेष स्पष्ट झाल्या. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होरेस बार्कर यांनी १९४० मध्ये एथिल अल्कोहॉलापासून मिथेन तयार करणारा जंतू वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले व व्ही. एल. ओमेल्यान्स्की यांच्या स्मरणार्थ त्यास नाव दिले. सुमारे पाव शतक हा संवर्ध एकाच जातीचा मानून त्यावर संशोधन झाले. १९६७ मध्ये मार्व्हिन ब्रायंट, राल्फ वुल्फ व त्यांचे सहकारी यांनी मात्र हा जंतू म्हणजे दोन जातींची जोडी असल्याचे सिद्ध केले. त्यांपैकी एक जाती अल्कोहॉलापासून ॲसिटिक अम्ल व हायड्रोजन तयार करते. परंतु हायड्रोजन साचला की तिची वाढ थांबते. दुसरीला अल्कोहॉल वापरता येत नाही. ती हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून मिथेन तयार करते. दुसरीने हायड्रोजन सतत संपविला, तरच पहिलीचे जीवन चालते.

भारतातील खेड्यांत परिचित असलेल्या गोबर वायू संयंत्रातही मिथेन अशाच परस्परावलंबी गटांच्या कार्यातून मिळतो. कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये मिथेनोत्पादक जीव हे जंतूंहून मूलतः भिन्न असल्याचे दाखविले. या गटास आता आर्किया म्हणतात. त्यामुळे उपर्युक्त जोडी केवळ दोन जातींची नव्हे, तर सजीवांच्या दोन मूलभूत विभागांमधील ठरली.

रासायनिक संकेत : सूक्ष्मजंतू परस्परांना रासायनिक संकेतही देतात. केनेथ नील्सन, टेरी प्लॅट व वुडलंड हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये सागरी प्रकाशमान जंतूंविषयी असे दाखविले की, त्यांनीच माध्यमात सोडलेले द्रव्य पुरेसे साचल्यावर त्यांची प्रकाशनिर्मितीची यंत्रणा सुरू होते. संख्येचा असा अंदाज घेण्याच्या क्रियेस १९९४ मध्ये सभेच्या गणपूर्तीवरून ‘क्वोरम सेन्सिंग’ हे नाव देण्यात आले. पृष्ठभागांना चिकटून चिकट द्रव्याच्या आवरणात राहणाऱ्या जंतुथरांकडे विल्यम कॉस्टर्टन व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये लक्ष वेधले. अशा थरांतील जंतू सुटे तरंगणाऱ्या जंतूंपेक्षा प्रतिजैव द्रव्यांना अधिक दाद देत नाहीत. म्हणून वैद्यकाच्या दृष्टीने हा अभ्यास महत्त्वाचा ठरला.

संवर्धापलीकडे : मृदा व पाणी यांतील बहुसंख्य जंतू नेहमीच्या माध्यमांवर वाढत नाहीत. नॉर्मन पेस व सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात संवर्धाशिवाय, नमुन्यातील आरएनए रेणूंवरूनच जाती ओळखण्याचा मार्ग दाखविला. समुद्रतळाच्या गाळात मिथेनाचा ऑक्सिजनाविना उपयोग करणारे आर्किया व सल्फेटाचे क्षपण करणारे जंतू एकत्रित पुंजक्यांत राहतात, असे २००० मध्ये प्रत्यक्ष दिसून आले.

तथापि रेणूंची यादी म्हणजे परस्परसंबंधांचे ज्ञान नव्हे. कोण उपस्थित आहे एवढेच तीवरून कळते. त्यासाठी संवर्ध आवश्यकच राहतो, पण तो सोबत्यांसह. २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सागरी गाळातील जंतू नैसर्गिक द्रव्ये झिरपून आत येतील अशा कोष्ठांत वाढविले. त्यांपैकी काही जंतू पेट्री बशीत एकटे वाढत नसत. दुसरे जंतू सान्निध्यात असतील तरच वाढत. एकेक जाती वेगळी काढल्याखेरीज तिचे गुणधर्म कळत नाहीत आणि केवळ वेगळी ठेवल्याने तिचे जीवन कळत नाही. म्हणून आधुनिक संशोधनात ज्ञात जाती पुन्हा एकत्र आणून समुदायाची पायरीपायरीने रचना करणे, ही पद्धत महत्त्वाची ठरली आहे.