‘सूर्यनमस्कार किती जुने?’ हा प्रश्न कुठे चुकतो

माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: सूर्यनमस्कार हा योगाचा पाच हजार वर्षं जुना भाग आहे. मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘पुरावा?’ मला थोडा रागच आला. मी लहानपणापासून रोज सकाळी बारा नमस्कार घालते, त्याचा कसला पुरावा द्यायचा? मग शोधायला बसले, तेव्हा कळलं की माझ्याकडे उत्तर नव्हतंच, पण त्याआधी माझा प्रश्नच धड नव्हता.

तुम्ही पेटची किंवा मुलाखतीची तयारी करत असाल तर हे उदाहरण नीट बघा. ‘सूर्यनमस्कार किती जुने’ या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न दडलेत. सूर्याची उपासना किती जुनी? उभं राहून, वाकून, साष्टांग घालून पुन्हा उभं राहण्याची ही क्रिया किती जुनी? आणि या क्रियेला ‘योग’ कधीपासून म्हणू लागले? तिघांची वयं वेगळी आहेत. आपण पहिल्याचं वय तिसऱ्याला चिकटवतो, तिथे घोळ होतो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सूर्याची स्तुती ऋग्वेदात आहे. मंत्र म्हणत सूर्याला नमस्कार घालण्याचा तृचाकल्पासारखा विधीही परंपरेत आहे. पण तो उपासनेचा भाग. त्यावरून तो योगाभ्यासाचाही भाग होता असं आपोआप ठरत नाही.

आता योगाच्या ग्रंथाकडे या. स्वात्मारामाची ‘हठप्रदीपिका’ साधारण पंधराव्या शतकातली. तिच्यात 15 आसनं सांगितली आहेत आणि त्यातली बहुतेक बसून करायची. उभं राहून करायचं एकही नाही. सूर्यनमस्कारही नाहीत. इथे घाई करू नका. ग्रंथात नाही म्हणजे समाजात नव्हतं, असं होत नाही. एवढंच म्हणता येतं की या ग्रंथकाराने त्यांना आपल्या योगात धरलं नाही.

गंमत पुढे आहे. याच ग्रंथावर ब्रह्मानंदाची ‘ज्योत्स्ना’ ही टीका आहे, एकोणिसाव्या शतकातली. मूळ ग्रंथात पहिल्या उपदेशात साधकाने काय टाळावं याची यादी येते. तिच्यात ‘कायक्लेश’, म्हणजे शरीराला शिणवणाऱ्या क्रिया, असा शब्द आहे. त्याचा अर्थ उलगडताना ब्रह्मानंद उदाहरणं देतो: पुष्कळ सूर्यनमस्कार घालणं आणि पुष्कळ ओझं वाहणं. म्हणजे सूर्यनमस्कार त्याला चांगले माहीत आहेत, पण ते टाळायच्या यादीत! मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

पण परत एकदा वाचा. त्याचा आक्षेप ‘पुष्कळ’वर आहे. हा एक शब्द गाळून ‘योगशास्त्राला सूर्यनमस्कार निषिद्ध’ असा मथळा करणं म्हणजे माझ्या पाच हजार वर्षांसारखीच चूक, फक्त उलट दिशेची.

मग ही क्रिया घराघरांत पोचली कशी? इथे आपल्याकडचा एक माणूस महत्त्वाचा आहे: औंधचे संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. तरुणपणी ते युजेन सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध बलवानाच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनी त्यांचा ध्यासच घेतला. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली. 1938 साली लंडनमध्ये त्यांचं ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ प्रसिद्ध झालं. या प्रचारात मंत्र होते, भक्ती होती, पण मुख्य मुद्दा आरोग्याचा होता: उपकरणं नकोत, खर्च नाही, जागा थोडी लागते, बायका-मुलं-म्हातारी सगळ्यांना जमतं.

हे खूळ किती पसरलं होतं, हे कशावरून ठरवायचं? आचार्य अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक 1933 सालचं. त्यातल्या रावबहादुरांना नमस्कारांचं वेड आहे आणि प्रेक्षक त्यावर हसतात. लोकांना जे ओळखीचं असतं त्याचीच थट्टा रंगते. म्हणून विनोदी नाटक हेही इतिहासाचं साधन असतं. साधनं फक्त पोथीत शोधू नका.

आज योगाच्या वर्गाची सुरुवात बहुधा सूर्यनमस्कारांनीच होते. म्हणजे उपासना, व्यायाम आणि योग असे तीन प्रवाह एकत्र आले, आणि आपल्याला आज दिसणारा संगम बऱ्याच अंशी विसाव्या शतकातला आहे.

हे सांगितलं की हमखास विचारलं जातं, ‘मग ते खोटं का?’ मला तसं वाटत नाही. आजीने घातलेला नमस्कार खरा असायला पाच हजार वर्षांचा दाखला लागत नाही. खोटा असतो तो दाखला. आणि संशोधकाचं काम दाखले तपासायचं आहे, श्रद्धेची परीक्षा घ्यायचं नाही.

माझ्या सरावात मात्र एक फरक पडला. रथसप्तमीला 108 पुरे करायचेच, या हट्टापायी दोन वर्षं माझी मनगटं दुखावली होती. शेवटच्या तीस-चाळीस नमस्कारांत श्वास कुठे आणि हात कुठे, याचा पत्ता नसायचा. आता मी बारावरच थांबते आणि श्वासाकडे लक्ष देते. ब्रह्मानंदाचं ते ‘पुष्कळ’ मला असं उपयोगी पडलं.

तुमच्या आराखड्यात ‘प्राचीन काळापासून’ हे शब्द असतील तर आज रात्री त्यांच्याखाली रेघ मारा. नेमकं काय प्राचीन आहे, कुणी लिहिलंय आणि कशासाठी, हे समासात लिहा. तिन्हींची उत्तरं मिळाली तर वाक्य ठेवा. नाही मिळाली, तर तुम्हाला संशोधनाचा प्रश्न मिळाला.