इमा कैथेल

मणिपुरी भाषेत 'इमा' म्हणजे आई आणि 'कैथेल' म्हणजे बाजार. इंफाळच्या ख्वैरंबंद भागातील या बाजारात ओट्यावर बसून विक्री करण्याचा हक्क स्त्रियांचा, तोही परंपरेने विवाहित स्त्रियांचाच. बहुधा तो आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे येतो. भाजी, तांदूळ, बांबूचे कोंब, आंबवलेली मासळी (मणिपुरी स्वयंपाकाचा हा प्राणच) यांच्या विक्रीबरोबर येथे गावोगावच्या वार्ता पोचतात आणि 'मारुप' चालतात. मारुप म्हणजे आपल्याकडील भिशीच.

या व्यवस्थेचे मूळ 'लल्लुप' प्रथेत शोधले जाते. पुरुषांना ठरावीक दिवस राजसेवेत राहावे लागे. साहजिकच देवघेव स्त्रियांकडे आली. परंतु १८९१ च्या युद्धानंतर इंग्रजांनी लल्लुप बंद केली, तरी ओटे पुरुषांकडे गेले नाहीत. तेव्हा केवळ राजसेवेच्या सक्तीने या बाजाराचा उलगडा होत नाही. १९०४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याचा जळालेला बंगला पुन्हा उभारण्यासाठी पुरुषांवर वेठ लादली गेली, तेव्हा स्त्रियांनीच तिला प्रखर विरोध केला.

१९३९ चा प्रसंग अधिक गंभीर होता. पिके बिघडली असताना तांदूळ राज्याबाहेर जात होता आणि भाव भडकले होते. त्यातच यांत्रिक गिरण्यांनी बायकांचे भात कांडण्याचे काम हिरावून घेतले होते. म्हणजे एकाच वेळी चूल आणि मिळकत दोन्हींवर घाला आला. १२ डिसेंबर रोजी शेकडो स्त्रिया दरबार कचेरीवर गेल्या. महाराज नवद्वीपला होते. त्यांच्या संमतीवाचून निर्यात थांबवता येत नाही, असे दरबारचे इंग्रज अध्यक्ष शार्प यांनी सांगताच त्यांनी त्यांना तारघरात नेले आणि उत्तर येईपर्यंत तेथेच रोखून धरले. आसाम रायफल्सच्या संगिनींनी अनेकजणी जखमी झाल्या. अखेर निर्यातबंदीची संमती आली. हाच 'नुपी लान', स्त्रियांचा संग्राम.

इतिहासग्रंथांत या दिवसाची हकिकत येते. त्यानंतरच्या महिन्यांकडे मात्र लक्ष कमी जाते. वास्तविक सर्वांत महागडी लढाई तीच. विक्रेत्या स्त्रियांनी स्वतःच्या बाजारावर बहिष्कार घातला. ज्या ओट्यांवर घर चालत होते, ते ओटे वर्षाहून अधिक काळ ओस राहिले.