मंगळाच्या आकाशांतील तुटलेला सूर

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मनुष्यास धांवत्या मोटारीचा वेग डोळे मिटूनहि ओळखतां येतो. मोटार जवळ येत असतां भोंग्याचा सूर चढा लागतो, ती पुढें गेली कीं तोच सूर उतरतो. पुणें-सोलापूर रस्त्यावर, इंदापूर-निरवांगीकडील प्रवाशांच्या नित्य परिचयाचा असा हा अनुभव आहे. डॉप्लर या शास्त्रज्ञानें १८४२ सालीं त्याचा नियम सांगितला. याच जिल्ह्याच्या उत्तर टोकास, नारायणगांवाजवळील खोडद येथें, १९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्रीं तोच नियम मंगळावर उतरणाऱ्या यानास लावण्यांत आला.

खोडदची रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या एकत्र ऐकतात, हें तिचें सामर्थ्य. युरोपीय अवकाश संस्थेचें 'स्कियापारेली' हें यान त्या रात्रीं ताशीं सुमारें २१,००० किलोमीटर वेगानें मंगळाच्या वातावरणांत शिरलें. त्याचा अतिक्षीण संदेश पृथ्वीवर पोंचण्यास पावणेदहा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता.

खोडद येथें संदेशांतील मजकूर वाचावयाचा नव्हता, केवळ सुराचा चढउतार मोजावयाचा होता. यानाचा वेग सेकंदास एक मीटरनें बदलला, तर सूर सेकंदास सुमारें सव्वा कंपनानें ढळतो. मात्र यांतून पृथ्वीच्या दिशेचाच वेग कळतो, संपूर्ण मार्ग कळत नाहीं. म्हणून वातावरणाची घनता, यानाचा आकार व हवाई छत्रीचा अवरोध धरून अपेक्षित वक्ररेषा आधीं काढतात. मग मोजलेली रेषा तिच्याशीं ताडून पाहतात. दोहोंत जेथें अंतर पडतें, तेथेंच शोधास आरंभ होतो.

त्या रात्रीं सूर आला, आणि यान उतरण्याच्या अपेक्षित वेळेपूर्वीं थोडक्यांत तुटला. खोडदच्या श्रोत्यांस कारण कळणें शक्य नव्हतें. तें मातृयानानें टिपलेल्या नोंदींतून पुढें उलगडलें. सुमारें १२ किलोमीटर उंचीवर छत्री नीट उघडली होती. परंतु यान जोरानें डोलूं लागतांच भ्रमणमापक यंत्राची मर्यादा सुमारें एक सेकंदपर्यंत ओलांडली गेली. त्या चुकीच्या आंकड्यावरून यानाच्या गणकानें आपण जमिनीच्याहि खालीं आहों, असा निष्कर्ष काढला! छत्री सुटली, इंजिनें तीनच सेकंद चाललीं आणि ३.७ किलोमीटरवरून यान कोसळलें. तें ताशीं सुमारें ५४० किलोमीटर वेगानें भूमीवर आदळलें.

एका सेकंदाच्या चुकीच्या मापानें यान गेलें. पण त्याचा मागोवा राहिला. मापनावर विश्वास ठेवावा, परंतु एकाच मापकावर सर्वस्वीं विसंबूं नये, हा धडा त्या तुटलेल्या सुरानें दिला आहे.