मुंबई वेळ आणि संगणकाचे दप्तर

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि आज ऐरोली-महापे येथील संगणक-कचेऱ्यांत रात्रभर दिवे जळतात, तेथील अभियंत्यांना कालनोंदीचा प्रश्न नित्य भेडसावतो. कारण न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास चालते. हा प्रश्न परदेशी गिऱ्हाइकांबरोबर आला असे पुष्कळांना वाटते. परंतु खाडीपलीकडच्या मुंबई शहराने तो शतकापूर्वीच, आणि अधिक तीव्रतेने, अनुभवला होता.

सूर्याच्या हिशेबाने रेखांशाच्या एका अंशामागे वेळेत 4 मिनिटांचा फरक पडतो, त्यानुसार मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती, तर रेल्वेचा कारभार सुमारे अर्धा तास पुढे असलेल्या मद्रास वेळेने चाले. 1881 साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास वेळेचा अंमल बसवू पाहिला. पण लोकमत इतके प्रक्षुब्ध झाले की 1883 मध्ये तो हुकूम मागे घेणे सरकारला भाग पडले. पुढे 1 जानेवारी 1906 पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आधारलेली, ग्रिनिचपुढे साडेपाच तासांची प्रमाणवेळ रुजू झाली, आणि मुंबईकराला आपले घड्याळ 39 मिनिटे पुढे करण्यास सांगण्यात आले. ज्या गिरणी कामगाराचा दिवस भोंग्याने सुरू होई, त्याच्या दृष्टीने भोंगा तेवढा अलीकडे येणे म्हणजे पहाटेची झोप हिरावली जाणे होते. वंगभंगाने मने आधीच पेटलेली. हजारो कामगारांनी निमूट न राहता काम बंद केले, दगडफेकही झाली. एप्रिल 1906 मध्ये महापालिका मुंबई वेळेकडे परतली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या काळापर्यंत एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. महायुद्धात, सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945, प्रमाणवेळच आणखी एक तास पुढे सरकवली गेल्याने गुंता अधिकच वाढला.

आता संगणकाचे दप्तर पाहा. जगातील बहुतेक यंत्रे ज्या कालक्षेत्र-कोशावर विसंबतात, त्यात आपल्या देशासाठी ‘आशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. युद्धकाळातील बदल तीत आहेत, पण 1906 नंतरची मुंबई वेळ नाही, कारण 1970 नंतर ज्यांची घड्याळे वेगळी चालली अशाच प्रदेशांना तो कोश साधारणतः स्वतंत्र स्थान देतो. त्यामुळे गिरगावात 1930 साली मुंबई वेळेने सकाळी 6 वाजता झालेला जन्म जागतिक वेळेने 1 वाजून 9 मिनिटांनी झाला असताना यंत्र तो साडेबाराचा मानते. शिवाय ‘कालक्षेत्रासह’ असे नाव मिरवणारा पोस्टग्रेस या माहितीसाठा-प्रणालीतील रकाना प्रत्यक्षात क्षेत्राचे नाव जपतच नाही. वेळ जागतिक वेळेत बदलून ठेवतो आणि मूळ घड्याळाची खूण पुसून टाकतो. चालू व्यवहारासाठी ही रीत उत्तम. जुन्या कागदांसाठी मात्र घातक.

अशी चूक कोठे रोखावी याचा धडा काटकसरीच्या उत्पादनपद्धतीत सापडतो, आणि तिचे मूळही गिरण्यांप्रमाणे वस्त्रोद्योगातच आहे, याचे मला विशेष वाटते. साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये सिद्ध केलेला स्वयंचलित माग सूत तुटताच आपोआप थांबे, म्हणून सदोष कापड पुढे विणलेच जात नसे. दोष उत्पन्न झाला तेथेच रोखावा हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यांत रुजले. कालनोंदीत सूत तुटते ते कोणते घड्याळ पाहिले हे न विचारता वेळ टिपली जाते त्या क्षणी, आणि नंतर शंभर तक्त्यांत पसरलेली चूक निस्तरण्यात जे श्रम जातात ते निव्वळ अपव्ययात जमा होतात.

म्हणून महापे-ऐरोलीच्या तरुण अभियंत्यांना माझी कळकळीची विनंती आहे: जुन्या जन्मनोंदी, गिरण्यांची हजेरीपुस्तके किंवा न्यायालयाचे कागद यंत्रात उतरवताना कागदावरची वेळ जशीच्या तशी, ती कोणत्या घड्याळाची हे, आणि त्यावरून काढलेली जागतिक वेळ असे तीन स्वतंत्र रकाने ठेवा, घड्याळ ठाऊक नसेल तर तो रकाना कोरा सोडा, तर्काने भरू नका.